पोलीस खरंच बदलतात का, की नुसती पाटी बदलते? (बेलफास्टहून)

बेलफास्टातला बाळ्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

चार वर्षं झाली इथे, उत्तर आयर्लंडात, येऊन. आल्या आल्या घर शोधत फिरताना एक भलीमोठी भिंत दिसली, वर जाळी, कोपऱ्यांवर कॅमेरे, लोखंडी गेट. मला वाटलं जेल असणार. एजंट म्हणाला, पोलीस स्टेशन आहे. रस्त्यावर पोलिसांची गाडी म्हणजे जाड पत्र्याची लँडरोव्हर, आणि बाकीच्या ब्रिटनमध्ये साध्या पोलिसाकडे पिस्तूल नसतं पण इथे प्रत्येकाच्या कमरेला असतं.

ऑफिसात एक सीनियर आहे, कॅथलिक, रिटायरमेंटला आलेला. त्याचा पुतण्या पोलिसात आहे. चहा पिता पिता सहज बोलून गेला की पोरगं भरती झालं तेव्हा दोन वर्षं आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो कौन्सिलमध्ये नोकरीला आहे असंच सांगत होतो, आणि अजूनही तो सकाळी गाडी चालू करायच्या आधी खाली वाकून बघतो, कुणी काही चिकटवलंय का. मी गप्पच झालो. आपल्याकडे पोरगं भरती झालं की गावात फ्लेक्स लागतो!

मग खोदत गेलो. १९२२ पासून इथे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी होती, आरयूसी. राज्य प्रोटेस्टंटांचं, पोलीसही त्यांचेच. लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांच्या पुढे आणि पोलिसात आठ टक्क्यांच्या आसपास. प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्ये राहायचं, कॅथलिकांना आयर्लंडात जायचं, यावरून झालेल्या तीस वर्षांच्या मारामारीत साडेतीन हजारांवर माणसं गेली, त्यात या दलाचेच सुमारे ३०० पोलीस. म्हणजे एका गल्लीत हेच लोक शहीद आणि पलीकडच्या गल्लीत हेच लोक शत्रू.

१९९८ ला ही मारामारी थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला. त्यात पोलिसांचं काय करायचं हे ठरेना म्हणून तो विषय वेगळ्या कमिशनकडे ढकलला. अध्यक्ष ख्रिस पॅटन, हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर. या लोकांनी गावोगाव सभा घेतल्या, दहा हजारांवर माणसं आली, हजारावर बोलली, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये १७५ शिफारशींचा रिपोर्ट दिला. नाव बदला, बिल्ला बदला, भरतीत निम्मे कॅथलिक घ्या, वर एक बोर्ड बसवा, तक्रारींसाठी पोलिसांबाहेरचा माणूस नेमा. ४ नोव्हेंबर २००१ ला नवीन दल सुरू झालं, पीएसएनआय, म्हणजे पोलीस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड.

आता मला विचारायचंय ते हे की जिथे यादवी झालीय तिथे पोलीस असे बदलता येतात का? बाकी देशांत काय झालं? जाणकारांनी लिहा.

शंकासुर

बाळ्याभाऊ, लेख चांगला आहे पण हे सगळे श्रीमंतांचे चोचले. ब्रिटनकडे पैसा आहे म्हणून १७५ शिफारशी. शिवाय चार वर्षांनी का होईना तुम्हीच लिहिताय की भिंती तशाच आहेत आणि पोरगं गाडीखाली वाकून बघतंय. मग बदललं काय? बिल्ला?

बेलफास्टातला बाळ्या

@शंकासुर, बिल्ल्याला हसू नका हो, बिल्ल्यावरून इथे जास्त भांडण झालं. एकाला मुकुट पाहिजे, दुसऱ्याला तो डोळ्यासमोर नको. शेवटी सेंट पॅट्रिकचा क्रॉस घेतला आणि त्याच्याभोवती मुकुट, हार्प, शॅमरॉकचं पान, तराजू, मशाल आणि ऑलिव्हची फांदी असं सगळं एकाच बिल्ल्यात कोंबलं. आपल्या आघाडी सरकारचं खातेवाटप आठवलं मला :)

बदललं काय म्हणाल तर आकडा सांगतो. पन्नास-पन्नास भरती २००१ ते २०११ चालली, त्यात आठ टक्क्यांचे तीस टक्के झाले. ती पन्नास-पन्नासची अट काढल्यावर गाडी तिथेच अडकली, आजही बत्तीसच्या आसपास. आणि पात्र असून निव्वळ प्रोटेस्टंट म्हणून मागे राहिलेल्या पोरांचा राग होताच, तोही खोटा म्हणता येत नाही.

पोलीसलाईनची पोर

माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे या विषयावर मी गप्प बसणं शक्य नाही.

बाळ्यादादा, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. त्या तेरा हजार जुन्या पोलिसांचं काय केलं? (राखीव धरून तेवढे होते ना?) कारण सुधारणा म्हटलं की जो तो नागरिकांच्या बाजूने बोलतो, कॉन्स्टेबल कुणाच्या हिशोबातच नसतो. आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं राहायचो, पावसाळ्यात गळतं म्हणून परातीत पाणी धरायचं, आणि बाबा गणपती, दिवाळी, निवडणूक सगळं बंदोबस्तात. घरी आले की बूट काढायच्या आधी झोपलेले असायचे. अशा माणसाला तुम्ही मानवाधिकाराचं दोन दिवसांचं ट्रेनिंग देणार आणि तो सौजन्याने बोलणार?

बेलफास्टातला बाळ्या

ताई, बरोबर पकडलंत. घसघशीत व्हीआरएस दिली. ज्याला नव्या दलात राहायचं नाही त्याने मानाने आणि पैसे घेऊन जावं, हजारो लोक गेले. जायच्या आधी १९९९ मध्येच राणीने पूर्ण दलाला जॉर्ज क्रॉस जाहीर केला, म्हणजे तुम्ही वाईट होतात म्हणून काढतोय असं कुणी म्हणू नये. त्यावर कॅथलिक भागात लोक चिडले तो भाग वेगळा. शंकासुरांचं म्हणणं इथे मान्य आहे, हे पैशावाल्यालाच जमतं.

खडीसेंटर

पैशाचं निघालंच आहे तर लिहितो. मी एका रोडच्या कामावर अफगाणिस्तानात होतो, दीड वर्ष. पैसा कमी नव्हता हो तिथे. पाण्यासारखा होता.

२००२ ला पोलीस उभे करायचं काम जर्मनांकडे दिलं. त्यांनी जर्मन पद्धतीने सुरू केलं, अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं ट्रेनिंग, एकदम नीट. पण देशभर पोलीस हवे होते लगेच. मग अमेरिकनांनी कॉन्ट्रॅक्टर लावले आणि साध्या शिपायाला आठ आठवड्यांत तयार करून नाक्यावर उभा करायला लागले. त्यात बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं. लिहिता येत नाही तर तक्रार नोंदवणार कशी? गाडीचा कागद वाचणार कसा? मग तो करतो काय, बंदूक घेऊन नाक्यावर उभा राहतो आणि ट्रकवाल्याकडून पैसे घेतो. आमचे ड्रायव्हर मोजून नोटा वेगळ्या ठेवायचे, अमुक नाका इतके, तमुक नाका इतके.

आता गंमत ऐका. तिथे पगार रोख यायचा आणि वरून खाली येताना प्रत्येकजण आपला वाटा काढायचा. २००९ मध्ये वर्दक प्रांतात थोड्या पोलिसांचा पगार थेट मोबाईलवर टाकून बघितला. तर त्यातल्या काहींना वाटलं पगारवाढ झाली! वाढबिढ काही नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पगार हातात पडला होता.

शिवाय पोलिसांना तिथे पोलिसाचं काम दिलंच नाही कुणी. तालिबानशी लढायला सैन्याच्या पुढे हेच, कच्च्या चौकीत सातआठ पोरं, रात्री हल्ला झाला की मदतीला कोणी नाही. सैनिकांपेक्षा हे जास्त मरत होते. ऑगस्ट २०२१ ला सगळं कोसळलं तेव्हा जग म्हणालं लढले नाहीत. मी तरी तसं म्हणणार नाही.

मावळतीचा मासा

खडीसेंटर, अफाट प्रतिसाद. पगारवाढीचा किस्सा वाचून हसावं की रडावं कळेना.

शंकासुर

मग सरळ उपाय सांगतो. जॉर्जिया. २००३ ला तिथे गुलाब क्रांती झाली, साकाशविली राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००४ मध्ये सगळेच्या सगळे ट्रॅफिक पोलीस घरी पाठवले. हजारोंनी. नवीन पोरं-पोरी घेतल्या, पगार वाढवला, पोलीस स्टेशनं काचेची बांधली, आतलं बाहेरून दिसावं म्हणून. रस्त्यावरची लाच जवळजवळ संपली. कमिशन नाही, सभा नाहीत, १७५ शिफारशी नाहीत. होतं ना मग?

पोलीसलाईनची पोर

झालं की. आणि २०१२ मध्ये त्याच जॉर्जियातल्या तुरुंगात कैद्यांचे कसे हाल करतात, कशी मारहाण करतात त्याचे व्हिडिओ बाहेर आले, लोक रस्त्यावर उतरले आणि त्या निवडणुकीत साकाशविलींचा पक्ष पडला. पोलीस स्टेशन काचेचं केलं, तुरुंग कोण काचेचा करणार?

हजारो माणसं एका फटक्यात घरी पाठवली हे वाचून तुम्हाला भारी वाटतं, मला त्यांच्या घरच्यांचं दिसतं. असो, मी बायस्ड आहे, मान्य.

गुरुजी निवृत्त

धागा उशिरा पाहिला. इतिहास शिकवत होतो त्यामुळे राहवत नाही.

बाळ्याने ज्या आरयूसीबद्दल लिहिले तिचे आणि आपल्या पोलिसांचे आजोबा एकच आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजांनी आयर्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक दल उभे केले. लंडनच्या पोलिसाकडे दंडुका, आयरिश पोलिसाकडे बंदूक. लंडनचा पोलीस वस्तीत फिरणारा, आयरिश पोलीस बराकीत राहणारा, आणि त्याच्या स्वतःच्या गावी त्याची नेमणूक होत नसे. काम एकच, जनतेवर लक्ष ठेवणे. हेच दल पुढे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी झाले.

आता इकडे या. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध घेतला आणि तिथे पोलीस बसवताना हाच आयरिश नमुना उचलला. सिंध मुंबई इलाख्याला जोडलेला, पार १९३६ पर्यंत. तिथून तो नमुना मुंबई इलाख्यात आला आणि १८५७ नंतर १८६१ च्या कायद्याने बाकी देशभर. तेव्हा बेलफास्टच्या भिंती बघून आपल्या बाळ्याला जेल वाटले, पण आपल्या ब्रिटिशकालीन पोलीस लाईनी आणि हेडक्वार्टरांची ठेवण वेगळ्या घराण्यातली नाही.

झाडीपट्टी

गुरुजी, एक दुरुस्ती, चालेल ना? आपल्या राज्यात १८६१ चा नाही, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आहे, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. आमचा विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, आमच्याकडं १८६१ चाच होता.

गुरुजी निवृत्त

दुरुस्ती शिरसावंद्य. इलाख्याचे कायदे पहिल्यापासून वेगळे होते, मी घाईत लिहिले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि १९२२ मध्ये जुने दल मोडले. उत्तरेत त्याचीच आरयूसी झाली, बंदुकीसकट. दक्षिणेत मात्र नवे दल, गार्डा. पहिल्याच वर्षी किल्डेअरच्या छावणीत नव्या पोरांनी बंड केले, का, तर आमच्यावर अधिकारी म्हणून जुन्या इंग्रजी दलातले लोक कशाला आणलेत. छावणीतली शस्त्रे बंडखोरांच्या हातात. हे निस्तरल्यावर सरकारने ठरवले की गार्डाला बंदूकच द्यायची नाही. लक्षात घ्या, तेव्हा दक्षिणेत यादवी चालू होती, भाऊ भावाला गोळ्या घालत होता. त्या धुमश्चक्रीत हे निःशस्त्र पोलीस खेड्याखेड्यात जाऊन चौकी उघडून बसले. चौक्या जाळल्या, मारहाणी झाल्या, पण लोकांनी हळूहळू स्वीकारले. गणवेशातला गार्डा आजही सहसा बंदूक बाळगत नाही. एकाच आजोबांचे दोन नातू, एकाच वर्षी वेगळे निघाले. एकाला लोकांनी आपला म्हणायला ऐंशी वर्षे आणि १७५ शिफारशी लागल्या.

शंकासुर

गुरुजी हे आधी का नाही सांगितलंत. मी माझे चोचले मागे घेतो, अर्धे.

पॉवरलूम

मी भिवंडीचा. पॅटनच्या सभांबद्दल वाचलं आणि आमचे सुरेश खोपडे आठवले. भिवंडीत १९७० ला आणि ८४ ला केवढ्या दंगली झाल्या हे वयाने मोठे असलेल्यांना सांगायला नको. खोपडेसाहेब १९८८ ला डीसीपी म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्हीकडची माणसं, गल्लीतलीच, टेलर, लूमवाला, दूधवाला, आणि प्रत्येक कमिटीला एक पोलीस जोडलेला. मिटिंगा काय भारी विषयांवर नव्हत्या, नळाचं पाणी, नवराबायकोची भांडणं, पोरांची मारामारी. माझे मामा जायचे, म्हणायचे नुसता टाईमपास असतो, चहा चांगला असतो.

डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती. भिवंडी नाही जळली. ज्या भिवंडीचं नाव काढलं की लोक दंगल म्हणायचे ती. मामा त्या रात्री त्याच पोलिसाबरोबर गल्लीच्या तोंडावर खुर्ची टाकून बसले होते.

पोलीसलाईनची पोर

अंगावर काटा आला वाचून.

कोणीतरी लायबेरियाचं लिहा ना. नाही तर मीच लिहिते. तिथे चौदा वर्षांत दोन यादवी झाल्या, २००३ ला संपलं. युद्धात बायकांवर इतके अत्याचार झाले होते आणि पोलीससुद्धा त्यातलेच, मग तक्रार करायला जाणार कुणाकडे. जानेवारी २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी मन्रोव्हियाला गेली, सव्वाशेच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांची पहिली पूर्ण महिलांची पोलीस तुकडी. पहिल्या कमांडर सीमा धुंडिया. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या ऑफिसबाहेर पहारा, रात्रीची गस्त, आणि रिकाम्या वेळात शाळेतल्या मुलींना कराटे शिकवणं. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. तिथल्या सुरक्षा दलांमधल्या बायका सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेल्या. सगळं श्रेय यांचंच असं नाही म्हणत मी, लायबेरियाचं पूर्ण दल गाळून परत भरलं होतं. पण बंदूक घेतलेली बाई रोज फाटकावर दिसते तेव्हा समोरच्या मुलीच्या डोक्यात काहीतरी हलतंच. मला लहानपणी आमच्या लाईनीत एकच महिला पोलीस होती, आम्ही पोरी तिच्या मागे मागे फिरायचो.

मावळतीचा मासा

ताई, सुंदर. एक शंका, बाहेरचे पोलीस गेल्यावर काय होतं? पूर्व तिमोरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी पोलीस आणि सैन्य दोन्ही उभं केलं, २००२ ला देश स्वतंत्र झाला आणि २००६ ला तेच सैन्य आणि तेच पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. राजधानी दिलीमध्ये, शस्त्रं खाली ठेवलेले पोलीस संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली बाहेर नेत असताना सैनिकांनी मारले. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

झाडीपट्टी

राजेहो, तुमचं देशोदेशीचं चाललंय म्हणून मी गप होतो. आमच्या गडचिरोलीत दोन्ही पाहिलं. सी-साठ, म्हणजे नक्षलवाद्यांशी लढणारं पोलिसांचं खास पथक, त्यात आमच्याच भागातली पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल माहीत असलेली. त्यांच्यामुळं लढाई फिरली हे खरं. पण त्याच पोरांचे आईबाप गावात राहतात, त्यांना काय काय भोगावं लागलं ते कुठं छापून येत नाही. बाळ्याभाऊच्या सायबाचा पुतण्या अन् आमच्याकडचा पोरगा, फरक नाही.

दुसरं, आता मदत केंद्रात दादालोरा खिडकी आहे. जातीचा दाखला, आधार, पेन्शनचा फॉर्म, पोलीसच भरून देतात. म्हातारी माणसं येतात. चांगलं आहे, मी नाव ठेवत नाही. पण कधी कधी वाटतं, तलाठ्याचं काम पोलीस करतो म्हणजे तलाठी कुठं आहे?

खडीसेंटर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. काबूलबाहेर हेच होतं. राज्य म्हणजे फक्त पोलीस, बाकी काहीच पोचलेलं नाही.

शंकासुर

बाळ्या, आता तक्रारीबद्दल सांगा. आपल्याकडे २००६ ला प्रकाश सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सात आदेश दिले, त्यात पोलिसांविरुद्ध तक्रारीसाठी वेगळं प्राधिकरण होतं. महाराष्ट्राने २०१४ ला कायद्यात घातलं. माझ्या ओळखीत दहा माणसांना विचारलं, एकालाही असं काही असतं हे माहीत नाही. तिकडचा तो बाहेरचा माणूस खरंच काही करतो का, की लेटरहेडपुरता?

बेलफास्टातला बाळ्या

करतो. पहिल्या होत्या नूला ओलोन, बाई. ऑगस्ट १९९८ ला ओमामध्ये कार बॉम्ब फुटला, २९ माणसं गेली. २००१ च्या डिसेंबरात बाईंनी रिपोर्ट काढला की पोलिसांकडे आधी आलेल्या इशाऱ्यांचं काय केलं आणि तपास कसा ढिसाळ झाला. पोलीसप्रमुख भयंकर भडकले. बाई हलल्या नाहीत. मग जानेवारी २००७ मध्ये त्यांचा दुसरा मोठा रिपोर्ट आला, की स्पेशल ब्रँचने, म्हणजे पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेने, प्रोटेस्टंट अतिरेक्यांमधल्या आपल्या खबऱ्यांना खुनांतून वाचवलं. त्याच आठवड्यात शिन फेन या कॅथलिकांच्या पक्षाची खास परिषद होती, आणि ज्या पक्षाने कधीच इथले पोलीस मानले नव्हते त्या पक्षाने त्यांना पाठिंबा द्यायचा ठराव केला. त्या रिपोर्टमुळेच केला असं मी म्हणत नाही, वाटाघाटी बरीच वर्षं चालू होत्या. पण पोलिसांची लफडी सरकारी खुर्चीत बसलेली बाई उघडपणे लिहिते हे लोकांनी पाहिलं होतं.

आणि शिफारशी अमलात आल्या की नाही हे तपासायला वेगळा माणूस बसवला होता, टॉम कॉन्स्टंटाईन, अमेरिकेतून आणलेला, ज्याला इथे ना काका ना मामा. वर्षानुवर्षं तो आणि नंतर त्याच्या जागी आलेला माणूस एकेक शिफारस घेऊन टिक मारत होते, झाली, अर्धी झाली, नाही झाली.

जुनं सगळं संपलं असं नाही. एप्रिल २०११ ला रोनन केर नावाचा पंचवीस वर्षांचा कॅथलिक पोलीस गाडीखालच्या बॉम्बने गेला, ओमातच. त्याची शवपेटी आधी गेलिक फुटबॉलच्या क्रीडा संघटनेतल्या लोकांनी आणि मग पोलिसांनी खांद्यावर घेतली. २००१ पर्यंत त्याच संघटनेत पोलिसांना सभासद व्हायला बंदी होती.

पोलीसलाईनची पोर

हे आधीच्या पोस्टमध्ये लिहायचं सोडून बिल्ल्यावर काय लिहीत बसलात :(

बेलफास्टातला बाळ्या

ताई, सॉरी.

बरं, या धाग्यामुळे एक केलं. इथे दर भागात पोलिसांची आणि लोकांची मिटिंग असते, मी कधी गेलो नव्हतो, काल गेलो. सीनियर म्हणाला मी येतो, त्याच्या बापाच्या काळात त्या हॉलसमोर आरयूसीवर पेट्रोल बॉम्ब पडायचे म्हणे. आत वीसेक माणसं, चहा, बिस्किटं. एक आजी इन्स्पेक्टरवर पाऊण तास ओरडत होती, पोरं पार्कात त्या सायलेन्सर काढलेल्या बाईक पळवतात, तुम्ही झोपा काढता का. इन्स्पेक्टर वहीत लिहून घेत होता. सीनियरने एक शब्द काढला नाही, जाताना फक्त म्हणाला, बिस्किटं बरी होती.

पॉवरलूम

मामा!

शंकासुर

बाईकचं काय झालं पण?

बेलफास्टातला बाळ्या

काही नाही. आज संध्याकाळी परत पळवत होते.